सांड्याचा रोजचा सोमवार

प्राणिशास्त्राच्या पहिल्या सेमिनारमध्ये दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज बंद पडला होता. सर रागावले नाहीत. "आणखी एकदा संधी देतो. कागद न बघता बोलायचं. घरी मोठ्यानं सराव करा," एवढंच म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सेमिनार म्हणजे काय, इथूनच घरी सुरुवात करावी लागली. विषय होता सांडा, म्हणजे कच्छ-राजस्थानच्या वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा.

संध्याकाळी आई विळीवर बांगडे साफ करत होती, बाबा फाटलेलं जाळं सांधत होते. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"सांडा हा रखरखीत प्रदेशात..."

"चवीक कसो लागता?" बाबांनी विचारलं.

"बाबा, त्येका मारूक कायद्यान बंदी आसा."

"मगे तो सोता काय खाता?" आईनं विचारलं.

"पालो, फुलां, बियो. मासळी नाय, मटान नाय."

आईचा हात थांबला. "म्हणजे त्येका रोजच सोमवार."

आमच्याकडे सोमवारी मासे शिजत नाहीत, आणि त्या दिवशी बाबा फारसं कुणाशी बोलत नाहीत. त्यांनी सांड्यासाठी मनापासून उसासा टाकला.

शेपटीत तो चरबी साठवतो आणि अडचणीच्या दिवसांत वापरतो, असं सांगितल्यावर आईनं बाबांकडे पाहिलं. "तुमी पोटात साठवतास, तसा."

"माजी अडचण अजून येवची आसा," बाबा म्हणाले.

ऊन वाढलं की तो बिळात शिरतो आणि आतून मातीनं तोंड बंद करून घेतो, हे बाबांना फार पटलं. "गो, असा एक बीळ माका होया. तुझो मामा येता तेवा." त्यानंतर बराच वेळ आईच्या भावावर चर्चा झाली. सांडा त्यात कुठेच नव्हता. सरावाचा पुरता विचका झाला, असं मला वाटलं.

सेमिनारच्या दिवशी वर्गात "सांडा पाला खातो" इथवर आले आणि थांबले. आता घरच्यासारखं कुणीतरी मध्ये बोलेल, अशी सवयच लागली होती. कुणी बोललं नाही. आवाज पुन्हा गेला असं समजून सर हळूच म्हणाले, "पाणी हवं का?"

"नको सर, पाल्यातल्या ओलाव्यावरच त्याचं भागतं."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "आणि उन्हात भाजणा नाय तो?"

मला एवढंच हवं होतं. सकाळी त्याचं अंग गडद असतं, म्हणजे ऊन शोषलं जातं. तापलं की फिकट होतं. थंडीत तर तो बिळाबाहेर येतच नाही. मी सांगत सुटले. बीळ, माती, शेपूट, सगळं आलं. मामा मात्र गाळला.

सरांनी दोनदा "बसा" म्हटलं, तेव्हा मी बसले.