तीन डेसिबल

कॉइलवाल्या बाबांचा हात आधी चालायचा, तोंड मागून. तीस वर्षं स्पीकर दुरुस्त करताना, चुकीच्या तारा जोडणाऱ्या किती गिऱ्हाइकांच्या बोटांवर त्यांनी पक्कड हाणली असेल, त्याला गणती नाही. पण हा जमदग्नी जावयापुढे गोगलगाय व्हायचा. जावई म्हणजे दहावा ग्रह. लेक त्याच्या घरात, तेव्हा त्याला शांत करत बसायचं.

मागच्या महिन्यात जावयाने आवाज दुप्पट मागितला, तर बाबांनी आठ ओहमचा स्पीकर काढून चार ओहमचा स्वतः त्याच्या घरी जाऊन बसवून दिला. अँप्लिफायरच्या वीस व्होल्टचा वर्ग चारशे, भागिले चार, शंभर वॅट. आधी पन्नासच होते.

आज जावई दुकानात येऊन टेबलावर मूठ आपटत होता. "फसवलंत, सासरेबुवा. जरासाच वाढला."

"तीन डेसिबल वाढला, जावईबापू. एकशेसातचा एकशेदहा झाला. वॅट दुप्पट केले की तेवढाच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट लागतात, पाचशे वॅट. एवढ्याशा खोलीत कशाला हवेत?"

"तुमच्या लेकीचा घसा झाकायला," जावई हसला. "हात पिरगाळला की असली कोकलते, गाणं लावलं तरी खालच्या मजल्यावर ऐकू जातं."

बाबांना तिचा प्लॅस्टरमधला हात आठवला. बाथरूममध्ये घसरले, म्हणाली होती. तिला होणाऱ्या मारझोडीला आडोसा आपणच बसवून दिला, या विचाराने त्यांना स्वतःचीच किळस आली.

समोर स्पीकरचं चार किलोचं चुंबक पडलं होतं. पहिला घाव जबड्यावर बसला आणि दोन दात टेबलावर पडले. जावयाने गळा धरला, तशी बाबांनी तापलेली सोल्डरिंगची कांडी त्याच्या मनगटात दाबली. तो गुरासारखा ओरडत कोसळला, तरी ते बरगड्यांत लाथा घालतच राहिले. शेजारच्या दोघा दुकानदारांनी ओढलं तेव्हा कुठे थांबले. पोलीस यायच्या आत लेकीला आणायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

लेकीच्या घराचं दार उघडंच होतं. ती पाठमोरी बसून एका हाताने कपड्यांच्या घड्या करत होती. स्पीकर बंद होता.

"बाळ, ऊठ, चल घरी."

मान वळली नाही. त्यांनी मोठ्याने हाक मारली, मग ओरडले. शेवटी खांद्यावर हात ठेवला, तशी ती प्लॅस्टरचा हात डोक्यावर धरून भिंतीला चिकटली.

मग तिने ओळखलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, भलतंच मोठ्याने म्हणाली, "बाबा, कधी आलात? हाक तरी मारायची."