दिवसा दार लावायचं नाही

दिवसा दार लावायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. आमच्या घरात हा नियम मी चालायला लागले तेव्हापासून ऐकत आले आहे. लालबागच्या चाळीत दिवसा कोणी दार लावलंच, तर त्या घरात कोणीतरी गेलंय नाहीतर कोणाचं तरी नवं लग्न झालंय, असं सगळे धरून चालायचे. पुढे चाळ पडली. मजल्यावरच्या तीन घरांनी ठरवून मुलुंड ईस्टला एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच मजल्यावर फ्लॅट घेतले. जुनी भांडी भंगारात गेली, नियम तेवढा टेम्पोतून आला.

तीन घरं म्हणजे, एकात मी, आई आणि बाबा. समोर बाबांचे मोठे भाऊ, नाना. वय चौऱ्याहत्तर. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, अजून मालवणी बोलतात आणि अजून सगळ्यांचे मुकादम आहेत. कोपऱ्यावर मंगलमावशी. ती मावशी सख्खी नाही, पण आमच्याकडे नातं दाराच्या अंतरावरून ठरतं. तिचा मुलगा कॅनडात.

मी मरोळच्या एका ऑफिसात लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकते. आठवड्यातले तीन दिवस घरून. म्हणजे दार उघडं, मी घरात, आणि मला कॉम्प्युटर येतो. असे किस्से साठवावे लागत नाहीत, चपलांसारखे दारात जमत जातात.

*

वायफायपासून सुरू करते. तीन घरांत मिळून एकच कनेक्शन. "नळ कॉमन होतो, संडास कॉमन होतो, मगे ह्या कित्याक वेगळा?" असं नाना म्हणाले आणि राउटर पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर बसला. आईने त्याला प्लास्टिकच्या शेवंतीचा हार घातला. पासवर्ड म्हणजे चाळीचं नाव आणि खोली नंबर. तिन्ही घरांचे ईमेलही त्याच पासवर्डवर. फोनला मात्र पासवर्डच नाही, कारण फोनला लॉक म्हणजे दिवसा दार लावल्यासारखं.

एकदा नेट फारच हळू चालायला लागलं. मी नानांना समजावलं की तीन घरांतले तीन टीव्ही एकाच वेळी नेटवर चालू असले की असंच होणार. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, चला, कळलं.

दुसऱ्या दिवशी कपाटाला कागद चिकटवलेला. चाळीत पाण्याच्या पाळ्या लागायच्या तशा. सकाळी मंगलमावशी, दुपारी आम्ही, संध्याकाळी नाना.

"नाना, आणि माझं ऑफिस?"

"तू पहाटेक भरून ठेव गो."

मी जाम भांडले. मग आठवडाभर पहाटे उठून ऑफिसच्या फायली डाउनलोड करून ठेवल्या, कारण कागद कोणी काढलाच नाही.

*

आमच्या हॉलमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे. मी कॉलेजला असताना घेतलेला, आता बाबा त्यावर पत्ते खेळतात. मध्यंतरी तो इतका घरघरायला लागला की बातम्या ऐकू येईनात. मी चार महिने सांगत होते, हा गेला, नवा घ्या.

नाना आले आणि वाकून त्यांनी डब्याला कान लावला. अख्खं आयुष्य सव्वाशे साच्यांच्या आवाजात काढलेला माणूस, टीव्ही मोठा केल्याशिवाय ऐकू येत नाही. कान लावून म्हणाले, "बेअरिंग सुका पडला हा."

"नाना, हा साचा नाहीये. कॉम्प्युटर आहे."

"फिरता ता सगळा साचोच."

संध्याकाळी मी मरोळहून घरी आले, तर कॉम्प्युटर उघडून ठेवलेला. पंखा सुटा. आतून काढलेला धुळीचा लठ्ठ पुंजका नानांनी वर्तमानपत्रावर मांडून ठेवला होता, मला दाखवायला. "गिरणीत असोच कापूस निघायचो," ते म्हणाले. शेजारी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. पंख्याच्या कण्यात एकच थेंब घातला होता.

मी एवढंच म्हटलं, "परत हात लावू नका." नानांनी झाकण बसवलं, चारही स्क्रू बोटाने तपासले आणि घरी गेले.

कॉम्प्युटर आजही चालतो. आवाज नाही. नाना बरोबर होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

बाबांचं वेगळं. बाबा कधीच तक्रार करत नाहीत.

एकदा दोन दिवस मी खोलीतून ऑफिसच्या कामात होते. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला बाहेर आले तर बाबा पत्ते खेळत होते आणि मॉनिटर डोक्यावर उभा. स्टँड वर, पडदा खाली, मागे गणपतीच्या पाटाचा आधार.

"हे काय आहे?"

"चित्र उलटं झालं गं. आपोआप. मी काही केलं नाही."

कुठली तरी तीन बटणं एकदम दाबली गेली असणार. मी तशीच तीन बटणं दाबून चित्र सरळ केलं, म्हणजे मॉनिटर उलटा असल्यामुळे ते आता उलटं दिसायला लागलं. मग मॉनिटर सरळ केला. अर्धं मिनिट लागलं.

"बाबा, दोन दिवस? मी इथे आत होते. दार उघडं होतं."

"तू बोलत होतीस ना कोणाशी तरी. मला वाटलं, मध्ये कशाला?"

मी नाशिकच्या एका माणसाशी त्याच्या प्रिंटरबद्दल बोलत होते. दोन दिवसांत माझं तेवढंच बोलणं झालं होतं.

*

टीप हवी असेल तर एकच. बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा. नव्वद टक्के तक्रारी यात संपतात असं मी ऑफिसात ठासून सांगते. उरलेल्या मंगलमावशीच्या असतात.

मंगलमावशी दर रविवारी सकाळी मुलाशी व्हिडिओ कॉल करते. त्यासाठी आदल्या दिवशी मागची भिंत पुसते. स्वच्छ पातळ, केसांत अबोली, तोंडावर उजेड पडावा म्हणून खिडकीसमोर खुर्ची. एका रविवारी तिने मला बोलावलं, कारण तिचा चेहरा काळा दिसत होता. मी कॅमेरा पुसून दिला आणि सहज लक्ष गेलं. खाली माईकवर लाल रेघ.

"मावशी, तू म्यूटवर आहेस. तुझा आवाज त्याला जातच नाहीये."

"कधीपासून?"

मला ते काय माहीत. आम्ही दोघींनी मिळून आठवलं. ती रेघ कसली, असं तिने मला गणपतीनंतर एकदा विचारलं होतं आणि मी घाईत "असू दे" म्हटलं होतं. म्हणजे किमान चार रविवार.

"आणि तो काही बोलला नाही?"

"तो बोलतो ना. नातीचं सांगतो, बर्फाचं सांगतो. मी मान हलवते. मग तो म्हणतो, चल आई, ठेवतो." मावशीने पदर नीट केला. "छान चाललं होतं आमचं."

मी लाल रेघ काढून दिली. पुढच्या रविवारी मावशी अर्धा तास बोलली. त्याच्या पुढच्या रविवारी मुलाला काम निघालं.

*

आता माझा नवा फोन. बोनस आला म्हणून घेतला.

आधी चांगलं सांगते. पडदा झकास, बॅटरी दोन दिवस जाते, कॅमेरा इतका स्पष्ट की आईने स्वतःचा फोटो बघून "हा परत कर" म्हटलं. त्याआधी तिने फोनची पूजा केली होती. कुंकू लावायला तिला फोनवरची नेमकी एकच उंचवट्याची जागा सापडली, कॅमेऱ्याची काच. पहिल्या दिवसाचे माझे सगळे फोटो लाल आहेत.

आता वाईट. हा फोन फार प्रश्न विचारतो. सुरू केल्या केल्या विचारलं, अडचणीत असाल तर कोणाला कळवायचं? नावं लिहा. पाच जागा होत्या.

आई. बाबा. मग मी थांबले. नाना लिहावेत, तर त्यांना रिंग ऐकू येत नाही.

कॉलेजात आम्ही चौघी होतो. ग्रुपचं नावही 'चौघी'. एक पुण्याला असते, एक बंगलोरला, एक लग्न होऊन घाटकोपरला. घाटकोपर पाच स्टेशनांवर, पण तीच सगळ्यांत लांब, कारण न भेटायला अंतराचं निमित्त सांगता येत नाही. मी ग्रुपवर लिहिलं, "नवा फोन घेतला, माझ्यासोबत पहिला फोटो कोण काढतंय?" तीन दिवसांनी पुण्याहून एक अंगठा आला. त्याच्या वरचा मेसेजही माझाच होता, फेब्रुवारीतला. त्याच्या वरचाही माझाच.

तीन जागा मी रिकाम्या सोडल्या आणि 'पुढे' दाबलं.

रविवारी फोनने आपणहून सांगितलं की या आठवड्यात तुम्ही कोणाशी किती बोललात. मी मागितलं नव्हतं. सर्वांत जास्त नाना, मग मंगलमावशी, मग कुरियरवाला. नाना आणि मावशी माझ्यापासून वीस पावलांवर राहतात आणि दोघांनीही प्रत्येक वेळी "जरा येऊन जा" एवढंच म्हटलं होतं.

मंगलमावशीला एक सवय आहे. कोणाचाही फोन दिसला की ती उचलते, वाचते आणि परत ठेवते. तिच्या लेखी ते उघड्या दारातून आत डोकावणं आहे. माझा वाचला असता, तर नक्की म्हणाली असती, "काय गं, तुला कोणीच कसं काही लिहीत नाही?" आणि ते ती पॅसेजमध्ये उभी राहून म्हणाली असती.

त्याच दुपारी मी फोनला अंगठ्याचं लॉक लावलं.

*

चौथ्या दिवशी मावशीला तिचा फोन सापडेना, म्हणून रिंग द्यायला तिने माझा उचलला. मी आंघोळीला होते.

बाहेर आले तेव्हा पॅसेजमध्ये खुर्च्या मांडलेल्या. आमच्याकडे मयताला आणि लग्नाच्या बोलणीला खुर्च्या पॅसेजमध्ये येतात. नाना, बाबा, आई, मंगलमावशी. माझा फोन मावशीच्या मांडीवर, पदराखाली झाकलेला.

"ह्या काय तन्वे," नाना म्हणाले, "दार लावलंस?"

"लॉक आहे नाना. सगळ्यांच्या फोनला असतं."

"आमच्या नाय."

"तुम्ही बँकेचा पिनसुद्धा कॅलेंडरवर लिहिता."

"विषय बदलू नको," आई म्हणाली. मग आवाज उतरवून, "कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"असेल तर असू दे गं. आम्ही काय जुन्या काळातले आहोत का? नाव सांग."

"ऑफिसातला?" बाबांनी विचारलं. बाबा कधी काही विचारत नाहीत.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," मंगलमावशी म्हणाली, "ही हल्ली खोलीत बसून हळू आवाजात बोलते. दोन दोन तास. मी हिच्या आईला म्हटलं, रागावू नकोस, पोरीला कोणीतरी मिळालंय." तिने पदराखालून फोन काढून माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, ओटी दिल्यासारखा. "फोटो असेल ना त्याचा? नुसता फोटो दाखव. नाव नंतर सांग."

प्रिंटर, राउटर, काळे चेहरे, उलटी चित्रं यांसाठी गेली कित्येक वर्षं ही माणसं मला हाक मारत आली. त्या दिवशी चौघंही माझ्याकडे बघत होती आणि एकाच्याही हातात बिघडलेलं काही नव्हतं. आई तर नवी साडी नेसावी तसा चेहरा करून बसली होती.

अंगठा टेकवला असता तर संपलं असतं.

"उघड," नाना म्हणाले. "दिवसाचा दार लावूचा नाय, तुका माहीत आसा. आत काय आसा ता आमका बघूचा नाय. नुसता उघडा ऱ्हवांदे."

"का?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्यात त्या नियमाबद्दल हा शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता.

"का म्हणजे?" आई म्हणाली. "लपवण्यासारखं काही नसेल तर उघडायला काय होतं?"

मी फोन चपलांच्या कपाटावर ठेवला. राउटरशेजारी, शेवंतीच्या हाराखाली, पडदा वर करून, सगळ्यांना दिसेल असा.

"नाही उघडणार," मी म्हटलं. "आज नाही, उद्या नाही. कोणीही सांगितलं तरी नाही."

बाबा आपल्या पायांकडे बघत राहिले. मावशीने आईचा हात धरला. उठून घरात मात्र कोणी गेलं नाही. चौघं त्या काळ्या काचेकडे बघत बसली, आता त्याचा फोन येईल म्हणून.

मीही बसले.