तू ‘हूं’ म्हणाला होतास

दत्तू कांदा साठवायच्या बराखीला कुलूप घालून दारात उभा होता आणि समोर त्याच्याच वावरात माझ्या भाच्याची, बिराची मेंढरं थंडीनं पडत होती. मार्गशीर्षातला पाऊस. वर वारा. दिवाळीत लोकर कातरलेली, अंगं उघडी. अशी मेंढरं भिजली की आधी कुडकुडतात, मग एकमेकांवर चढतात, मग पाय दुमडून बसतात. बसलं की उठत नाही.

“आत लेंड्या पडतील, मावशे,” दत्तू म्हणाला. “वास बसंल. उन्हाळ्यात कांदा भरायचाय मला.”

“आत्ता बराख रिकामी हाय का न्हाई?”

“हाय. पण मेंढरांसाठी न्हाई बांधली.”

मेंढरं त्यानंच बोलावली होती. निमगाव सावाच्या बाजूला बागायतदार धनगराला धान्य देऊन वावरात मेंढरं बसवतात. लेंड्यांचं खत फुकट पडतं. म्हणजे लेंडी वावरात पडली की सोनं आणि बराखीत पडली की घाण. माझं डोकं फिरलं.

माझं काम सांगते. मी चौथी शिकलेली. वाड्यावर, म्हणजे मेंढरं जाळीत कोंडून आम्ही मुक्काम करतो तिथं, मी गोष्टी सांगायचे. आता एक संस्था मला गोष्टी सांगायला गावोगाव नेते. ते याला ‘क्लायमेट स्टोरीटेलिंग’ म्हणतात. ऋतू बिघडले आहेत, तर गोष्ट ऐकून लोकांनी काहीतरी करावं, असा त्याचा अर्थ.

दिवाळी सरल्यावर याच गावात आमचा कार्यक्रम झाला होता. संस्थेच्या मॅडमनी स्क्रिप्ट दिली, म्हणजे काय बोलायचं ते छापूनच. बर्फ वितळतो आणि पांढरं अस्वल उपाशी मरतं. मी निम्मं सांगितलं तोच मागून कोणीतरी ओरडलं, “म्हातारे, उसात बिबटे काय कमी हायेत? आता अस्वल बी आणती का?”

सगळा मंडप हसला. मी कागद खाली ठेवला.

मॅडम कुजबुजल्या, “मावशी, स्क्रिप्ट सोडू नका. रिपोर्टला लागतं.”

“मग अस्वलालाच बोलवा,” मी म्हटलं.

आणि माझी गोष्ट सुरू केली. आमच्यात गोष्टीला हुंकारी लागतो. त्यानं वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणायचं. तो गप्प झाला की गोष्ट थांबते. पुढंच बसलेल्या दत्तूला मी हुंकारी केलं. अवकाळीत जिची मेंढरं मेली अशा एका बाईची गोष्ट सांगितली. ती बाई मीच, पण ते बोलले नाही. शेवटी म्हटलं, “पुन्हा तसाच पाऊस आला. शेजारी एक रिकामी बराख व्हती. मालकानं दार उघडलं.”

“हूं,” दत्तू म्हणाला. टाळ्या पडल्या. मॅडमनी त्याचा फोटो काढला.

आता त्याच पावसात मी त्याच्यासमोर उभी होते.

“दत्तू, मंडपात हूं कोण म्हणालं?”

“अगं, ती गोष्ट व्हती!”

“हूं कोण म्हणालं?”

“हूं म्हंजे ऐकतोय, एवढंच. कबूल केलं असं व्हतं का?”

“ऐकलंस ना? मग उघड. न्हाईतर पुढच्या गावात तुझ्या नावानं गोष्ट सांगते. हुंकारी लई मिळतील मला.”

बिरा खाली बसलेलं मेंढरू उठवू पाहत होता. त्याच्या बायकोनं दोन कोकरं पदरात घेतली होती. दत्तू वर आभाळाकडं बघत राहिला.

एवढ्यात त्याची बायको घरातून आली. “द्या हो ती किल्ली. पोरीचं लग्न जमवायचंय आपल्याला. पावण्यांच्या गावात ही बया काय सांगंल, नेम न्हाई.”

दत्तूनं कुलूप काढलं. आम्ही मेंढरं ओढत, उचलत आत नेली. ते बघून शेजारच्या दोघांनी आपल्याही बराखी उघडल्या. दत्तूचं एकट्याचं नाव होईल, हे त्यांना सोसवलं नाही.

मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “किती छान! गोष्टीनं माणसं बदलली!”

“बदलली नाहीत. लाजली. पाऊस थांबेपर्यंत तेवढं पुरतं.”

बराखीत गेलेली मेंढरं जगली. वावरात बसलेली उठली नाहीत. पदरातल्या दोन कोकरांतलं एक जगलं.