ढोलीतली गिटार

नागभीडच्या शाळेत मी पाचवीचा वर्ग घेत होतो. बहिणीच्या गावचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे भाऊजी गेले जी." मी फळ्यावरचं गणित न थांबवता विचारलं, "कुठी गेले?" आमचे भाऊजी नेहमी कुठं ना कुठं गेलेलेच असायचे. वडशाला नाटकाला, ब्रह्मपुरीला बाजाराला, नागपूरला वाद्याच्या तारा आणायला... त्या माणसानं डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. तेव्हा माझ्या हातातला खडू खाली पडला, आणि पोरांना सुटी देऊन मी रेल्वेची छोटी गाडी पकडायला निघालो.

या गोष्टीला आता दोन महिने होतील. श्रावणभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धानाची थोडी शेती, उन्हाळ्यात जंगलातून बांबूच्या गाड्या आणायचं काम, आणि या दोन्हींना पुरून उरेल एवढा नाटकाचा नाद. देश स्वतंत्र झाला तेव्हा जंगल खात्याचा एक गोरा साहेब विलायतेला निघाला आणि त्यानं बंगल्यातलं सामान लोकांना वाटून टाकलं. शहाण्यांनी खुर्च्या नेल्या, पलंग नेले. एकानं साहेबाचा न्हाणीतला टब म्हशीला पाणी पाजायला नेला. भाऊजींनी काय आणलं, तर गिटार! तीही साहेबाच्या बापाच्या वेळची, बाजूला चीर गेलेली. बाई, म्हणजे माझी बहीण, ते लाकडी पोट पाहून म्हणाली, "यात किती धान मावन?" तिला ते नव्या तऱ्हेचं माप वाटलं होतं.

गावानं तिचं नाव 'साहेबाची सारंगी' ठेवलं. भाऊजींनी एका रेल्वेच्या गार्डसाहेबाला घरचा तांदूळ खाऊ घालून चार सूर शिकून घेतले आणि त्या चार सुरांवर पुढची सगळी वर्षं काढली. वडशाच्या एका नाटक मंडळीत त्यांना पेटीच्या शेजारी बसायला जागा मिळाली. राजा मेला तरी तेच चार सूर, राणीचं लग्न लागलं तरी तेच. फक्त मरणाच्या वेळी ते जरा हळू वाजवत.

आमच्याकडचा पावसाळा म्हणजे घरातल्या पिठालासुद्धा ओल धरते. पहिल्याच वर्षी गिटारीचं लाकूड फुगलं आणि भाऊजी आजारी माणसासारखे अंथरुणाला लागले. शेवटी त्यांनी उपाय काढला. घरात बांबूची, शेणामातीनं लिंपलेली धानाची ढोली होती. तिच्यातल्या वाळल्या धानात त्यांनी गिटार गळ्यापर्यंत पुरून ठेवली. चार महिन्यांनी बाहेर काढली तर ठणठणीत! मग ती रीतच पडली. काढल्यावर उलटी करून धान झटकत, आणि पहिली तार छेडून मला म्हणत, "आयक. आतून कशी झिरमिर येते! लाकूड जसं जसं वाळते, तसं तसं बोलते. नव्या गिटारीत हे नाई सापडत, मास्तर." झिरमिर खरंच यायची. सुराच्या मागे बारीक पाऊस लागल्यासारखी. मला संगीतातलं काही कळत नाही, पण ती मला आवडायची.

मंडळीचे पेटीमास्तर पांडुरंगभाऊ यांना मात्र चीर गेलेल्या गिटारीची लाज वाटे. एका दिवाळीनंतर त्यांनी नागपुरातून नवी कोरी, आरशासारखी चकाकणारी गिटार आणली आणि मुक्कामालाच भाऊजींच्या घरी आले. म्हणाले, "श्रावणभाऊ, या साली ही बसन स्टेजवर. तुमची म्हातारी आता घरी राहू द्या." भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. पण लगेच ते तणतणत म्हणाले, "डोळे बांधा माहे. दोन्ही वाजवा. कोनाचा सूर जुना, कोनाचा नवा, सांगतो. चुकलो तं माही गिटार पुन्हा स्टेज पाहनार नाई!" आता गिटारीची नव्हे, त्यांच्या कानाची परीक्षा होती. ती जाहीर करायला ते स्वतःच घरोघर हिंडून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात अर्धं गाव. मीही सुटी काढून गेलो होतो. भाऊजींनी आदल्या दिवसापासून आपल्या गिटारीला हात लावला नव्हता, कोणी म्हणू नये की कानात सूर भरून आला. डोळ्यांवर दुपट्टा बांधून ते नवरदेवासारखे ताठ बसले. पेटीमास्तरांनी एक गिटार छेडली. भाऊजींनी नाक मुरडलं. "हे नवी. कोरडी ठण्ण हाय. हिले अजून दहा उन्हाळे पायजे." मास्तरांनी दुसरी छेडली. भाऊजींचा चेहरा खुलला. "हेच माही! झिरमिर आयकली काय? जुनं लाकूड बोलून राह्यलं!"

भाऊजींनी दुपट्टा सोडला. मास्तरांच्या मांडीवर नवी कोरी गिटार चमकत होती.

मग जो हशा उठला तो शेजारच्या गावापर्यंत गेला असेल. भाऊजी खाली मान घालून बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्यात मास्तरांनी गिटार उचलली, कान लावला, हलवली आणि उलटी केली. आतून भुरभुर धान सांडलं. सगळ्यांनी बाईकडे बघितलं. ती पदर सावरत म्हणाली, "पाव्हन्याची वस्तू जी. रातची ओल लागली असती. ढोलीत ठेवली, आपली ठेवतो तशी." आणि जुनी? "तिले मी चांगली ठोकून ठोकून साफ केली. कोपऱ्याकापऱ्यात दाने अडकून होते किती सालचे! म्हटलं, आज लोकं पाहतीन, यांची लाज नको जावाले."

भाऊजींनी अंगणातला एक दाणा उचलून नखानं सोलला. "लुचई हाय, आपलं बारीक धान," ते पुटपुटले. मग एकदम मान वर करून ओरडले, "म्हंजे लाकूड नाई, माह्या वावरातलं धान बोलत होतं काय इतके दिवस!" हरलेला माणूस एवढा खुश झालेला मी दुसरा पाहिला नाही.

शब्द मात्र त्यांनी पाळला. जुनी गिटार पुन्हा स्टेजवर गेली नाही. नव्या गिटारीवर ते बसू लागले, पण पडदा उघडण्याआधी खिशातून चिमूटभर धान काढून तिच्या पोटात सोडत, आणि पेटीमास्तर दुसरीकडे बघत. पुढं त्यांनी याचं शास्त्रच केलं. जाड धानाचा सूर भसाडा, लुचईचा बारीक, वासाच्या चिन्नोरचा गोड, पण चिन्नोर खायला ठेवावा असं त्यांचं मत होतं. संध्याकाळी ओसरीवर जुनी घेऊन बसत आणि बाईला विचारत, "आज कोनतं धान हाय, सांग." बाई भाकरी थापता थापता सांगायची. ती कधी चुकली नाही असं ते चारचौघांत मोठ्या अभिमानानं सांगत.

यंदा धान लोंबीवर आलं आणि ते गेले. नवं धान त्यांनी पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं... मागच्या आठवड्यात बहिणीकडे गेलो, तेव्हा मळणी होऊन ढोली भरली होती. गिटार तिच्याच वरच्या खिळ्याला टांगलेली. मी ती खाली घेऊन हलवली. आवाज नाही. तेरवीच्या झाडलोटीत कोणीतरी साफ केली असावी. बाई उठली, ढोलीतून नव्या लुचईची मूठ काढली आणि जेवायला वाढावं तशी हळूहळू आत सोडली. "वाजव," म्हणाली. मला वाजवता येत नाही. मी अंगठ्यानं एक तार ओढली. नुसता ठस्स असा आवाज आला, झिरमिर काही येईना. आता ही रडेल असं वाटून मी तिच्याकडे बघितलंच नाही.

बाईनं कान तिरपा करून ऐकलं. मग माझ्या हातातून गिटार घेतली आणि पुन्हा खिळ्याला लावली.

"नवं हाय ना धान, अजून ओलं हाय," ती म्हणाली. "वाळू दे. मंग बोलते."