सलीमचाचांच्या हाताबद्दल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला तरी का सांगतेय? माझाच मला संशय येतोय.

गेल्या रविवारी माहेरी आलेल्या लेकीने टीव्हीवर एक परदेशी सिनेमा लावला. गोऱ्यांच्या टोळीतला माणूस, काळ्यांना मारहाण करणारा — तो टोळी सोडतो, अंगावरचं गोंदण काढून घेतो. लेक डोळे पुसत होती. मी मात्र त्याच्याकडे रोखून पाहत होते. हा सगळं सांगतोय का? की सोयीचं तेवढंच?

कारण तसली टोळी तर मीही सोडली आहे. इंदिरानगरात आम्हा बायकांची दर शुक्रवारी बैठक असायची. ‘त्यांच्याकडून’ काही घ्यायचं नाही, असं तिथे ठरायचं. फळवाला बदलला, शिंपी बदलला. पण सलीमचाचांना सोडायला कुणी तयार होईना. वीस वर्षं ते आमच्या सोसायटीत येऊन बांगड्या भरायचे. माझ्या लेकीच्या लग्नातला चुडाही त्यांनीच भरलेला. मला राग आला — आणि खरं सांगू? चाचांचा नव्हे, भर बैठकीत माझं कुणी ऐकत नव्हतं, त्याचा.

मग मी म्हणाले, "हात जरा जास्तच वेळ धरतात, नाही का?"

खोटं होतं ते — साफ खोटं. बांगडी चढवायची तर हात धरावाच लागतो, दाबून मऊ करावा लागतो, हे प्रत्येकीला ठाऊक. पण प्रत्येकीने मनातल्या मनात आपला हात आठवून पाहिला. एक म्हणाली, "हो गं, मलाही वाटलं होतं." खरंच वाटलं होतं तिला? की मी म्हटल्यावर वाटलं? पुढच्या आठवड्यात वॉचमनने चाचांना गेटवरूनच परत पाठवलं. त्यांना कारण कुणी सांगितलं नाही. बाकी सगळ्या कॉलनीला ते कळलं.

पुढे मी बैठक सोडली. तो द्वेष नकोसा झाला, असं लोकांना सांगते, आणि ते खरं आहे. ते वाक्य मात्र मी कधीच मागे घेतलं नाही.

परवा गंगापूर रोडच्या कडेला त्यांची हातगाडी दिसली. मी हिरव्या बांगड्या मागितल्या आणि सवयीने हात पुढे केला. त्यांनी बांगड्या कागदावर ठेवून माझ्याकडे सरकवल्या.

"तुमीच भरा, ताई. मी आता कुणाचा हात नाय धरत."

त्यांना ठाऊक असेल का, ते कोण बोललं? बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीच भरायला लागले. दोन वाढल्या, काचा त्यांनी वेचल्या.

मी पैसे त्याच कागदावर ठेवले आणि निघाले.