मुऱ्हाळ्याविना आखाजी

सुंदरबाईचं माहेर तिच्या सासरच्या ओट्यावरून दिसायचं, हेच तिचं दुखणं. माहेर चार कोस लांब असतं तर एकवेळ मन मारून राहता आलं असतं. पण इथं अलीकडच्या काठाला पिंपरखेडं, पलीकडच्या काठाला कुरवाडं, आणि मध्ये बुराई नदी. नदी आपली नावाची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला तिच्यात पाणी औषधालाही सापडायचं नाही, नुसती तापलेली वाळू. पलीकडं भाऊ बैल सोडायचा तेही इकडून कळायचं. आणि त्या घरात सुंदरबाईनं बारा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

कारण विचाराल तर गेंद. हसू नका. चामड्याचा, आत रबरी फुगा असलेला, पायानं मारायचा गेंद. शिंदखेड्याचे शिकलेले लोक त्याला फुटबॉल म्हणत.

या दोन गावांचं पूर्वीपासून विळ्याभोपळ्याचं. आखाजीच्या दिवशी दोन्हीकडच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहून गाण्यांतून समोरच्या गावाचे वाभाडे काढायच्या आणि पुरुष गोफणीनं दगड हाणायचे. दरसाल चार डोकी फुटायची, त्यावर हळद दाबून मंडळी पुरणपोळी खायला घरी जायची. एकोणीसशे एकोणीस साली पिंपरखेड्याचा धनसिंग बसऱ्याची लढाई आटपून परत आला तो ट्रंकेत गेंद घेऊन. गोऱ्या शिपायांचा खेळ त्यानं पोरांना शिकवला, आणि दोन्ही पाटलांनी ठरवलं की दगड बंद, गेंद चालू. अकरा गडी इकडचे, अकरा तिकडचे, पाय अनवाणी, मैदान नदीतली वाळू. जिंकेल त्या गावाच्या चावडीत पुढच्या आखाजीपर्यंत गेंद टांगलेला राहायचा. डोकी फुटायची थांबली म्हणून पाटील खूश झाले. डोक्यांच्या आत काय शिरलं ते पाटलांना दिसलं नाही.

आता यातली गंमत बघा. आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासुरवाशीण माहेरी येणार, झोके घेणार, गाणी म्हणणार. दोन्ही गावांत सोयरिका ढीगभर. म्हणजे कुरवाड्याची लेक पिंपरखेड्यात दिली असेल तर आखाजीला ती कुरवाड्याच्या काठावर बसणार, आणि खाली वाळूत तिचाच नवरा समोरून खेळणार. वर्षभर ज्याच्यापुढं मान वर केली नाही त्याला त्या एका दिवशी गाण्यातून यथेच्छ शिव्या घालायची मुभा. सुंदरबाईनं लग्नानंतर पहिल्याच आखाजीला नवऱ्याला, तोतारामला, अशी काही गाणी ऐकवली की तो गेंद सोडून काठाकडंच बघत राहिला. घरी परतल्यावर दोघं त्यावर पोट धरून हसले होते. तोताराम तेव्हा हसायचा.

पोरंबाळं आईबरोबर मामाच्या काठावर असायची, तेव्हा लहानपणी ती मामाच्याच गावासाठी घसा फोडायची. पोरगा आठ-नऊ वर्षांचा झाला की एका आखाजीला बाप वाळू ओलांडून यायचा, त्याला खांद्यावर बसवून आपल्या काठाला न्यायचा. तिथून पुढं पोरगा बापाच्या गावाचा. आया त्या दिवशी तोंडानं हसायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या. दोन्ही गावांत इमान असं चालत आलेलं. कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

सुंदरबाईचा वना सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट, चौतीस सालची. वना मामाच्या काठावर उभा राहून मामाच्या नावानं ओरडत होता. मामा म्हणजे कौतिक, सुंदरबाईच्या पाठचा भाऊ, कुरवाड्याचा सगळ्यात चपळ गडी. तो गेंद घेऊन सुटला, आणि तोताराम आडवा आला. तोतारामची लाथ गेंदाला लागायची ती कौतिकच्या नडगीला बसली. हाड मोडल्याचा आवाज काठावर आला म्हणतात. तोताराम म्हणे, मी गेंदालाच मारत होतो. कौतिक म्हणे, माझ्या तोंडाकडं बघून मारली. खरंखोटं आजवर कोणाला कळलं नाही. हाडवैद्यानं पाय बसवला पण तो तोकडा राहिला. तोतारामनं त्याच पावली काठावर येऊन वनाला उचललं आणि सुंदरबाईला म्हणाला, चल घरी. भाऊ वाळूत कण्हतोय आणि बहिणीनं नवऱ्यामागं निघायचं! ती निघाली.

पुढच्या आखाजीला मुऱ्हाळी आला नाही. सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस आलं पाहिजे, भाऊ नाहीतर भाचा. त्याला मुऱ्हाळी म्हणायचं, आणि त्याच्याशिवाय लेकीनं उंबरा ओलांडायचा नाही. कौतिकचं म्हणणं, तोतारामनं आधी येऊन माफी मागावी, मग मी मुऱ्हाळी पाठवतो. तोतारामचं म्हणणं, मुऱ्हाळी पाठवणं हे त्याचं काम, त्यानं आधी पाठवावा. वर बायकोला बजावून ठेवलं की न्यायला कोणी आल्याशिवाय त्या काठाला गेलीस तर मागं हे दार नाही. दोघंही आपापल्या जागी मुसळासारखे सरळ उभे राहिले. आणि मधे बाईच्या बारा आखाज्या गेल्या. काठावर पिंपरखेड्याच्या माहेरवाशिणी मनसोक्त गायच्या, त्यांच्यात ही एकटी सून, तोंडाला कुलूप लावून बसायची. ज्या गावासाठी गायची तिला सवय होती ते गाव समोर, आणि ती भलत्याच काठावर.

तिला भावाचा राग येई, नवऱ्याचा त्याहून येई. पण जीव तुटायचा तो आईसाठी. म्हातारी वच्छलाबाई मोतीबिंदूनं आंधळी होऊन खाटेला लागली होती, एवढं शिंदखेड्याच्या बाजारात कुरवाड्याच्या बायकांकडून कळायचं. आई डोळ्यांनी गेली, आता जिवानं जायच्या आत एकदा तिच्यापाशी बसायचं, एवढंच सुंदरबाईला हवं होतं.

सेहेचाळीस सालच्या आखाजीला वना एकोणीस वर्षांचा आडदांड गडी झाला होता. बापाची जागा त्यानंच घेतली होती. आणि त्या साली समोरून पहिल्यांदाच उतरणार होता चुडामण, कौतिकचा मुलगा. ही बातमी आली तेव्हापासून सुंदरबाई मनात एकच हिशेब मांडत होती. भावाचा पाय नवऱ्यानं मोडला, आता भाच्याचा पाय मुलानं मोडला तर माहेराचं दार कायमचंच बंद. उलट चुडामण धडधाकट घरी गेला तर कदाचित भावाचं मन विरघळेल, तो मुऱ्हाळी पाठवेल. आखाजीच्या सकाळी पितरांच्या नावाची घागर भरता भरता तिनं वनाला बाजूला घेतलं.

"चुडामणना पायले पाय लावू नको, पोऱ्या," ती म्हणाली. "इतलं मन्हासाठे कर."

वनानं मान हलवली. गुणी पोर होतं ते. आईला कधी नाही म्हणायचं नाही.

उन्हं कलल्यावर खेळ सुरू झाला. बराच वेळ कोणाचाच गोल होईना. शेवटी शेवटी चुडामण गेंद घेऊन निघाला, अगदी बापासारखा. समोर वना एकटा. वना आधी पोचला होता, हे दोन्ही काठांनी पाहिलं. त्यानं पाय उचलला, आणि खाली ठेवला, आणि सरळ बाजूला झाला. चुडामणनं गोल केला. कुरवाड्याच्या काठानं एकच कल्ला केला, पण तो मध्येच विझला, कारण जाणत्यांच्या लक्षात आलं होतं. पाच सालांनी गेंद कुरवाड्याला गेला आणि कोणी धड नाचलंही नाही. पिंपरखेड्याच्या लोकांनी वनाकडं बघितलंसुद्धा नाही.

तोताराम घरी येऊन ओट्यावर बसला. वना गोठ्यात शिरला. आणि दिवस अजून कासराभर वर असतानाच सुंदरबाईला वाळूत एक माणूस येताना दिसला, एका बाजूनं कलत चालणारा. कौतिक. बारा वर्षांत पहिल्यांदा तो नदी ओलांडत होता, बरोबर चुडामण होता. बाईला दुसरं काय वाटणार? भाऊ न्यायला आला. ती आत धावली. पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसली, दोन चोळ्यांचं गाठोडं बांधलं, भावाच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या दारात ठेवला. घाईत गाठोड्याची गाठ दोनदा सुटली. गाठोडं काखेत घेऊन ती दाराशी आली तेव्हा कौतिक ओट्याखाली उभा होता. चुडामणच्या हातात गेंद होता.

"आम्हले भीक नको, तोताराम," कौतिक म्हणाला. "हाई गेंद तू ठेव."

तोतारामनं वनाला हाक मारून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमक्ष विचारलं, पाय का काढलास? वना खाली मान घालून उभा. त्यानं एकदाच आईकडं पाहिलं, तेवढं पुरे झालं.

"त्याले काय इचारतस?" सुंदरबाई म्हणाली. "मीच सांगेल व्हतं."

मग काय झालं असेल? तोताराम ओरडला नाही, मारायलाही उठला नाही. तो ओट्यावर सरकला, कौतिकला जागा करून दिली आणि बैस म्हणाला. दारातला तांब्या उचलून त्यानं स्वतः मेहुण्याच्या हातात दिला. कौतिक प्यायला. बारा वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले दोन पुरुष मांडीला मांडी लावून बसले, आणि बाईमाणसानं खेळात नाक खुपसून दोन्ही गावांचं नाव घालवलं यावर त्यांचं चटकन एकमत झालं. कौतिक म्हणाला, पाय मोडला तेव्हाही माझा इतका अपमान झाला नव्हता. तोताराम म्हणाला, खरं आहे तुझं. आणि समोर सुंदरबाई काखेत गाठोडं घेऊन उभी. अरे, दोघांपैकी एकाला तरी ते गाठोडं दिसावं!

ठरलं असं की उद्या करीच्या दिवशी पुन्हा खेळायचं, आणि वनानं मनापासून खेळायचं. चुडामणची नजर गाठोड्यावर गेली होती, पण त्याला बापापुढं बोलायची छाती नव्हती. कौतिक उठला तेव्हा सुंदरबाईनं लाज सोडून विचारलं.

"भाऊ, मी येऊ का तुन्हासंगे?"

"उद्या गेंदना निकाल लागू दे," कौतिक म्हणाला. "मंग दखू."

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच दोन्ही काठ भरले. तोताराम वनाला घेऊन गेला. शेजारणी बोलवायला आल्या, सुंदरबाई म्हणाली डोकं दुखतंय. मग ती ओट्यावर बसून विचार करत राहिली. पिंपरखेडं जिंकलं तर भाऊ चिडणार. कुरवाडं जिंकलं तर नवरा चिडणार. वनाची लाथ बसली तर संपलंच, आणि नाही बसली तर पुन्हा भीक दिली म्हणणार. कोणत्या निकालानं मुऱ्हाळी येणार होता? कोणत्याच नाही. हे तिला बारा वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं, असं तिला वाटलं आणि स्वतःचाच संताप आला.

ती उठली. तोतारामचे शब्द तिला पाठ होते, मागं दार नाही. तरी तिनं कडी लावली आणि नदीच्या वरच्या वळणानं, टरबुजाच्या वाड्यांमधून, अंगावरच्या लुगड्यानिशी ती पलीकडं गेली. कुरवाड्यात चिटपाखरू नव्हतं. सारं गाव खेळाला. भावाच्या घराचं दार नुसतं लोटलेलं, आणि पडवीत खाटेवर आई एकटी. उशाशी पाण्याचा लोटा कलंडला होता. तो उचलून कोणी भरला नव्हता.

म्हातारीला चाहूल लागली. कोण आहे म्हणून तिनं हात पुढं केला. सुंदरबाईनं तो आपल्या तोंडावर ठेवला. नाक, कान, कपाळावरचं गोंदण चाचपून म्हातारीचा हात थांबला. न्यायला कोण आलं होतं, हेच तिनं आधी विचारलं.

"कोन लेवाले उनथं तुले?"

"कोनीच नही, माय. मनी मी ऊनू."

म्हातारीच्या बिनउजेडाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ती म्हणाली, "कौतिक तं दरसाल सांगे, मी मुऱ्हाळी धाडस पन तूच येवाले नही म्हणस. नवरानी बाजू धरी लिधी तू, असं सांगे."

सुंदरबाईच्या कानांत वाळू भरल्यासारखं झालं. बारा वर्षं ही आई लेकीची वाट बघत नव्हती. लेकीनं टाकलं म्हणून रडत होती. खरं काय ते जिभेवर आलं, अगदी दातांपर्यंत आलं. पण हिला पाणी पाजायचं ते कौतिकनं, उद्या खांदा द्यायचा तोही कौतिकनंच. मुलगा खोटारडा हे कळून ती कोणाच्या आधारानं जगणार होती?

"हा माय," सुंदरबाई म्हणाली. "मीच नही म्हणेल व्हतं. मनं चुकनं."

म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला. नदीकडून मोठा गलका आला. गोल झाला होता. आता जाशील का गं परत, असं म्हातारीनं विचारलं. सुंदरबाई नाही म्हणाली, लोटा उचलला आणि पाणी आणायला आत गेली.