पाणी काऊन नाही देल्लं?

आमच्या घरी आलेल्या माणसाला पाणी द्यायचं काम दादाचं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला ऑटिझम आहे हे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. तोवर आमच्या सडक अर्जुनी गावात जो तो त्याला हवं ते नाव ठेवून मोकळा झाला होता. कोणी आलं की दादा ग्लास देऊन समोर उभा राहतो आणि पाहुणा पाणी संपवेपर्यंत हलत नाही. ज्याला तहान नसते त्याची चांगलीच पंचाईत होते.

हा नियम बाबांनीच घालून दिलेला. आम्ही बौद्ध. लहानपणी गावातले लोक बाबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, भांड्याला हात लागू नये म्हणून. "आपल्या घरी असं कोणासंगच होनार नाही," हे त्यांनी दादाला इतक्यांदा सांगितलं की ते त्याच्या अंगातच भिनलं.

एका रविवारी आम्ही सगळे टीव्हीवर हिंदी सिनेमा पाहत होतो. नायक दादासारखाच, नायिका मुसलमान, आणि दोघांच्या प्रेमावर अख्खी वस्ती उठलेली. बाबा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत म्हणाले, "कसे लोक असतेत राजेहो. मानसाले मानूस समजत नाही."

मला वाटलं, हीच वेळ. सिनेमा संपला तशी मी सांगून टाकलं की हायवेवर ट्रकच्या वायरिंगचं दुकान आहे ना, तिथल्या मुसलमान मुलाशी मला लग्न करायचंय. बाबांचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले.

"सिनेमाची गोष्ट अलग असते," ते म्हणाले.

तरी आईच्या आग्रहानं पुढच्या रविवारी तो भेटायला आला, बिचारा कडक इस्त्रीचा शर्ट घालून. तो शर्ट आता माझ्याच कपाटात असतो, म्हणून हे हसत लिहिता येतं. दादा ग्लास घेऊन निघाला, तर बाबांनी त्याला हातानं अडवलं.

"राहू दे. ते जाऊन राहिले."

तो नुकता कुठे टेकला होता. उठला, नमस्कार केला आणि गेला. मला इतकी लाज वाटली आणि इतका राग आला की मी बाबांशी बोलणंच सोडलं.

दादानं मात्र सोडलं नाही. सोमवारी सकाळी सात वाजता, बाबांच्या हातात चहाचा कप आला तेव्हा त्यानं विचारलं, "बाबा, त्यायले पाणी काऊन नाही देल्लं?"

"चूप बस."

दादाला प्रश्नाचं उत्तर लागतं, आणि 'चूप बस' हे काही उत्तर नव्हे. मंगळवारी सातला तोच प्रश्न. बुधवारी बाबा कप घेऊन परसात गेले, तर दादा मागोमाग. आवाज चढत नव्हता, एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. टोमणा मारणं त्याला येतच नाही, त्यामुळे बाबांना चिडायलाही जागा नव्हती. आईकडे पाहिलं तर ती म्हणायची, "देऊन टाका ना उत्तर."

बाराव्या दिवशी बाबांनी कप खाली ठेवला.

"भेव वाटलं मले."

"त्यायचं?"

"नाही रे. लोकायचं. लोक काय म्हनतीन, त्याचं."

दादानं थोडा विचार केला. "मंग आता देऊ पाणी?"

"दे."

"ते इथं नाहीत."

बाबांनी फोन उचलला आणि माझ्याकडे न बघताच त्याचा नंबर मागितला. मी सांगत गेले, ते एकेक आकडा दाबत गेले. पलीकडून आवाज आला तसे ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मी तिचा बाप बोलून राहिलो," ते म्हणाले. "माह्यासंग लहानपनी लोक जसे वागत होते, तसाच मी तुमच्यासंग वागलो. आज जेवाले येता काय?"